कॅनमे सरांची त्रेचाळीस वाक्यं

कॅनमे सरांना धक्का बसत नसे, अशी त्यांची ख्याती होती. कुणी धापा टाकत येऊन सांगितलं की कोपऱ्यावरची भिंत पडली, किंवा डॉक्टरांच्या मुलीनं कुणाला न विचारता लग्न उरकलं, तर सर चष्मा कपाळावर सरकवून म्हणत, "पडू शकते," किंवा "करू शकते." बातमी आणणारा बिचारा हिरमुसून परत जाई. जगात काय काय होऊ शकतं यावर ज्यानं चाळीस वर्षं मुलांना गृहपाठ दिला, त्याला कशाचं आश्चर्य वाटणार?

अशा माणसाच्या हातून एका मंगळवारी सकाळी पावणेदहाला चहाचा कप निसटला. फोन छापखान्यातून होता. छापखानेवाला त्यांचाच जुना विद्यार्थी, आणि सध्या सरांचं आयुष्यातलं पहिलं आणि बहुधा शेवटचं पुस्तक तो छापत होता. तो चाचरत म्हणाला की सरांची वही आणि टाइप केलेले कागद जुळत नाहीत, तेव्हा कुठलं धरू? सर म्हणाले, स्पेलिंगच्या चुका असतील, वही धर.

"स्पेलिंग नाही सर," तो म्हणाला. "माणसंच वेगळी आहेत."

कप फुटला तो तेव्हा. आतल्या खोलीतून बहिणीनं काय फुटलं म्हणून विचारलं. पायात चपला सरकवून ते तसेच बाहेर पडले.

आता हे सर कोण आणि ती वही कसली, ते सांगायला हवं. सर दिवसा शाळेत इंग्रजी शिकवत आणि संध्याकाळी घराच्या पुढच्या खोलीत शिकवणी घेत. चार बाकं, एक फळा, आणि खिडकीत पाण्याची कळशी. व्याकरणात त्यांचा जीव अडकला होता तो एकाच ठिकाणी. इंग्रजीत सर्वसाधारण विधान करताना कॅन कुठे लावायचा, मे कुठे आणि विल कुठे, हा तो विषय. मराठीत आपण एका 'शकतो'वर अख्खा संसार रेटतो, पण तिथे तसं चालत नाही. मांजर ओरबाडू शकतं, म्हणजे सगळी मांजरं नाही आणि रोज नाही, पण कधीमधी ओरबाडतं, तिथे कॅन. हेच जाड पुस्तकात भारदस्तपणे सांगायचं तर मे. आणि तेल पाण्यावर तरंगणारच, तो त्याचा स्वभाव आहे, तिथे विल. हे सगळं ते इतक्या पोटतिडकीनं सांगत की पहिल्याच वर्षी पोरांनी त्यांचं कॅनमे करून टाकलं. पुढे पोस्टमनसुद्धा त्याच नावानं पत्र टाकू लागला.

सरांचा एक नियम होता. जे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं नाही, त्यावर सर्वसाधारण विधान करायचं नाही. व्याकरणाच्या पुस्तकांत सिंह आणि वाळवंटं असतात त्याचा त्यांना भारी राग. सिंह कुणाच्या बापानं पाहिलाय, असं ते विचारत. म्हणून उदाहरणं ते स्वतः करत, आणि माणूस डोळ्यांनी पाहून पाहून काय पाहणार? घरच पाहणार. जेवताना, दाढी करताना, बायको काही सांगत असताना सरांची नजर मध्येच स्थिर होई आणि ते उठून निळ्या पुठ्ठ्याच्या लांब वहीत एक वाक्य लिहून येत. वाक्य झालं की त्यातलं माणूस त्यांच्या लेखी संपलं. उरे तो कॅन.

वहीतली वाक्यं टाइप करायचं काम धाकट्या बहिणीचं. ती वकिलाच्या ऑफिसात टायपिस्ट होती. वडील गेल्यावर भावाकडे सहा महिन्यांसाठी म्हणून आली आणि एकतीस वर्षं राहिली. लग्न झालं नाही. जग तिला आत्या म्हणे, सर मात्र तिच्या चौसष्टाव्या वर्षीही छोटी म्हणत. आली त्याच आठवड्यात सरांनी वहीचं पहिलं पान तिच्यापुढे टाकलं आणि जरा ओशाळून म्हणाले की नीट वाचून टाइप कर. तेव्हा ती म्हणाली होती, "दादा, चांगली टायपिस्ट वाचत नाही. वाचलं की चुका होतात. आम्ही नुसती अक्षरं बघतो."

सर इतके खूश झाले की त्यांनी तेच वाक्य विल लावून वहीच्या अगदी वर, एक नंबरला लिहिलं: चांगली टायपिस्ट आपण टाइप केलेलं वाचत नाही. आणि त्या दिवसापासून ते हवं ते लिहायला मोकळे झाले.

टाइप झालेले कागद मुलं गृहपाठाला घरी नेत. त्यांच्या प्रतीत क्रियापदाची जागा मोकळी असे, क्रियापदासकट टाइप केलेली पक्की प्रत बहिणीकडे राही, आणि मुलांनी पूर्ण वाक्य लिहायचं नसे. नुसता नंबर आणि त्यापुढे कॅन, मे किंवा विल. सर तेवढंच तपासत. वाक्यं त्यांना पाठ होती, त्यामुळे टाइप केलेला कागद हातात घेऊन वाचायची वेळ एकतीस वर्षांत त्यांच्यावर आली नाही. आणि मुलांची उत्तरं दर वर्षी वहीशी तंतोतंत जुळत.

पुस्तकाची कल्पना चिरंजीवांची. सरांचा हा एकुलता एक मुलगा, राजा, शेजारच्या गावात फ्रीज दुरुस्त करतो. दर रविवारी फोन करतो, वडिलांच्या गुडघ्यांची चौकशी करतो. त्यानंच आत्याकडच्या पक्क्या कागदांचा गठ्ठा छापखान्यात नेऊन दिला होता आणि पहिली प्रत न्यायला तो येत्या रविवारी येणार होता. सरांनी सोमवारी आपली वहीही पाठवली, मूळ प्रत जवळ असलेली बरी म्हणून. टायपिंगची एखादी चूक राहायला नको.

छापखान्यात शाईचा आणि गरम कागदाचा वास भरून राहिला होता. छापखानेवाल्यानं खुर्ची पुसून दिली, वही आणि कागद शेजारी शेजारी मांडले आणि स्वतः उभा राहिला, अगदी शाळेत उभा राहायचा तसा. सरांनी वही वाचली. नंबर एकोणीस. लग्न न झालेल्या बायका आंबट असू शकतात. बरोबर. मग त्यांनी कागद वाचला. नंबर एकोणीस. न पिकलेली द्राक्षं आंबट असू शकतात.

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. द्राक्षं जागची हलली नाहीत.

पुढचं वाचलं. वहीत होतं, नवरे वाचत असताना बायका बोलत राहणार. कागदावर होतं, लोक झोपलेले असताना नळ ठिबकत राहणार. वहीत होतं, पाहुणा फार दिवस राहिला तर जड होऊ शकतो, मे लावून. कागदावर होतं, पिशवी फार वेळ धरली तर जड होऊ शकते, मे लावूनच. त्यांनी छापखानेवाल्याकडे असं पाहिलं की जणू त्यानंच रातोरात हे घडवलंय. तो घाईघाईनं म्हणाला की मी एका अक्षराला हात लावलेला नाही, उलट मला धक्का बसला तो वही वाचून. कागदावरची वाक्यं तर आमच्या सगळ्यांना तोंडपाठ आहेत.

"कुणाला?" सरांनी विचारलं.

"आम्हाला सगळ्यांना. द्राक्षं, नळ, पिशवी. आम्ही मित्र भेटलो की तीच म्हणतो."

आणि मग सरांच्या डोळ्यांसमोरून सगळं भराभर सरकलं. औषधाच्या दुकानातला तो मोठा झालेला पोरगा, गेली पंधरा वर्षं त्यांना बघितलं की हसून म्हणायचा, "सर, नळ ठिबकणारच!" सरांनी दोनदा घरी येऊन नळ तपासला होता. बँकेतला कॅशियर विचारायचा, "पिशवी जड झाली का सर?" सरांना वाटे, केवढा सालस मुलगा, म्हाताऱ्याची काळजी करतो. सगळं गाव त्यांना त्यांचीच म्हणून जी वाक्यं म्हणून दाखवत होतं, ती त्यांनी आज पहिल्यांदा वाचली होती.

त्यांनी मोजली. शंभरातली त्रेचाळीस वाक्यं बदललेली होती. क्रियापद मात्र एकाही ठिकाणी हललेलं नव्हतं. जिथे कॅन तिथे कॅन, जिथे विल तिथे विल. म्हणूनच उत्तरं जुळत राहिली आणि म्हणूनच कुणाला पत्ता लागला नाही. सरांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. आयुष्यभराचं काम, आणि ते परस्पर कुणीतरी पोखरून ठेवलेलं, तेही घरातल्या घरात.

छापखानेवाल्यानं अदबीनं सांगितलं की बुधवारी सकाळी मशीनवर घ्यावं लागेल, तर रविवारी प्रत मिळेल. संध्याकाळपर्यंत सांगा, वही की कागद. सर दरडावून म्हणाले, वहीच, यात विचारायचं काय? तेव्हा त्यानं वहीचं आणखी एक पान उलटून त्यांच्यापुढे धरलं आणि एका ओळीखाली बोट ठेवलं. नंबर एक्केचाळीस.

मंद मुलगा बापाला मान खाली घालायला लावू शकतो.

इंग्रजीत मंद म्हणजे स्लो. सरांचं अक्षर, सरांची शाई. "हे छापू, सर?" छापखानेवाल्यानं हळूच विचारलं. तो चिरंजीवांच्याच वर्गात, त्याच्याच बाकावर बसायचा. सर वही उघडीच टाकून उठले. घरी पोचेपर्यंत वाटेत कोण भेटलं आणि कोण काय म्हणालं, त्यांना आठवत नाही.

ते वाक्य त्यांनी लिहिलं तेव्हा चिरंजीव तेरा वर्षांचे होते. वाचताना प्रत्येक अक्षराखाली बोट ठेवायचे, आणि बोट पुढच्या अक्षरावर जायला तयार नसे. मास्तरांचा मुलगा, आणि मास्तरांच्याच विषयात ढ. शाळेत सहकारी हसले होते. सरांनी घरी येऊन आरडाओरडा केला नाही, हात उगारला नाही. वहीत एक वाक्य लिहिलं आणि मोकळे झाले. पोराला मी कधी टाकून बोललो नाही, असं ते आजही अभिमानानं सांगत. त्या वर्षी चिरंजीव शिकवणीला तिसऱ्या बाकावर बसत आणि गृहपाठाचा कागद त्यांनाही मिळे.

बहीण पुढच्या खोलीत खिडकीशी बसून कपाच्या काचा कागदात गुंडाळत होती. सरांनी दार लावून घेतलं. वाटेभर त्यांनी बोलायची तयारी केली होती, कामाचा विश्वासघात वगैरे, पण तोंडून निघालं ते वेगळंच.

"छोटी, तू वाचत होतीस?"

तिनं गुंडाळी बाजूला ठेवली. अंगावर पाल पडल्यासारखी दचकेल, रडेल, असं सरांना वाटलं होतं. तसलं काही झालं नाही. "पहिल्या आठवड्यापासून," ती म्हणाली.

"तूच म्हणाली होतीस, चांगली टायपिस्ट वाचत नाही."

"ते ऑफिसात. तिथल्या कागदांत माझ्याबद्दल काही लिहिलेलं नसायचं."

सर मटकन बाकावर बसले. त्यांनी कधी मोजलंच नव्हतं की त्या शंभर वाक्यांत ही किती ठिकाणी आहे. आंबट बायका ती. जड पाहुणा ती. उरलेलं अन्न मोजणारी, दार उघडायला उशीर करणारी, जुन्या साड्या जपून ठेवणारी, सगळी तीच. ते म्हणाले की अगं, ती नुसती उदाहरणं होती, त्यात कुणी माणूस नव्हतं, सर्वसाधारण विधानं होती. हे बोलताना त्यांना स्वतःलाच ऐकवेना. लग्न न झालेली बाई त्यांनी आयुष्यात नीट पाहिलेली एकच होती, आणि नियम त्यांचाच होता की पाहिल्याशिवाय लिहायचं नाही.

मग बहिणीनं सगळं सांगितलं. तिची स्वतःची वाक्यं तिनं पहिली तीन वर्षं जशीच्या तशी टाइप केली होती. मुलं ती घरी नेत, पाठ करत, आणि दुसऱ्या दिवशी तिच्याकडे बघत. तिनं कुणाला काही म्हटलं नाही. दादाचं काम आहे, आपण त्याच्या घरात राहतो, असं मनाशी म्हणून गप्प बसली. बदल सुरू झाला तो एक्केचाळीस नंबरपासून.

"प्रती काढायची स्टेन्सिल टाइपरायटरवर चढवलेली होती," ती म्हणाली. "राजा माझ्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला. उद्या काय येणार म्हणून बघायला. मी टाइप करत होते आणि तो बोट ठेवून वाचत होता. मी 'स्लो'पर्यंत आले. त्यानं 'स्लो' वाचलं. त्याला तो शब्द येत होता, शाळेत रोज ऐकायचा ना. मग तो पुढच्या शब्दाची वाट बघत थांबला."

सरांनी चष्मा काढून हातात घेतला.

"मला पुसता येईना, तो बघत होता. थांबताही येईना. समोर भिंतीवर तुझं घड्याळ होतं, दहा मिनिटं मागे पडलेलं. मी घड्याळ टाइप केलं. पुढचं हातांनीच केलं, मी ठरवलं नव्हतं."

तिनं टाइप केलं होतं: स्लो झालेलं घड्याळसुद्धा पुन्हा वेळेवर आणता येतं. कॅनची जागा तशीच ठेवली होती. मुलानं ते बोटानं शेवटपर्यंत वाचलं, एकदा नाही, दोनदा, आणि काही न बोलता खेळायला निघून गेला. एकदा बदलता येतं म्हटल्यावर मग तिनं पुढच्या वर्षी वहिनीची वाक्यं बदलली, कारण वहिनीला इंग्रजी येत नसे आणि ती, होती तोवर, दर वेळी कौतुकानं विचारायची, आज काय लिहिलंय ह्यांनी? आणि सगळ्यात शेवटी, जरा भीत भीत, स्वतःची.

सरांनी विचारलं की मला सांगितलं का नाहीस. भांडायचं होतंस, वही फेकायची होतीस तोंडावर.

"सांगितलं असतं तर तू वहीत लिहायचं थांबवलं असतंस," ती म्हणाली. "मनात ठेवलं असतंस. वहीतलं मला बदलता येत होतं."

सर बाकावर बसून राहिले, तिसऱ्या बाकावर, आणि त्यांना आणखी एक गोष्ट आठवली. ती आठवून मात्र ते खरोखर हादरले. दोन वर्षांपूर्वी ते मुलाच्या दुकानात गेले होते. कामाच्या टेबलावर, पान्यांच्या रांगेच्या वर, काचेच्या चौकटीत कागदाची एक पिवळी पट्टी लावलेली होती. मुलगा म्हणाला होता, "बाबा, हे तुमचं. तुम्ही कधी बोलून दाखवलं नाहीत, पण लिहिलंत." सरांजवळ वाचायचा चष्मा नव्हता. व्याकरणाचा एखादा नियम असेल असं समजून त्यांनी मुलाची पाठ थोपटली होती आणि म्हणाले होते, "लक्षात ठेवलंस, शाबास." मुलाचे डोळे भरून आले होते. कॅनसाठी एवढं रडायला काय झालं, असं तेव्हा सरांना वाटलं होतं.

त्यांनी बहिणीला हे सांगितलं. तिला ती पट्टी माहीत होती, घड्याळाचीच. सगळ्यांनाच माहीत होती, फक्त ज्याच्या नावावर ती होती त्याला सोडून.

संध्याकाळी सरांनी छापखान्यात फोन केला आणि म्हणाले, कागद धर. छापखानेवाल्यानं सुटल्यासारखा श्वास सोडला तो फोनमधून ऐकू आला. वही त्यानं माणसाबरोबर परत पाठवली. ती फाडून टाकावी असं सरांच्या मनात आलं, पण पाना-पानावर आपलं वळणदार अक्षर बघून त्यांना फाडणंसुद्धा सोपी पळवाट वाटली. त्यांनी ती कपाटात ठेवली आणि बुधवारी सकाळी बहिणीच्या आधी उठून तिच्यासाठी चहा केला. साखर दुप्पट पडली होती. तिनं तो पूर्ण प्यायला आणि बशी विसळून ठेवली.

आठवडाभर सरांच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. मुलगा रविवारी येणार, पुस्तक उघडणार, आणि पुन्हा आभार मानणार. एका खोट्या गोष्टीचे आभार. शुक्रवारी त्यांनी बहिणीला सांगून टाकलं की मी त्याला खरं सांगणार आहे, ते वाक्य माझं नाही. ती बटणं शिवत होती, तिनं मान वर केली नाही.

"मग तो विचारेल, तुमचं कुठलं होतं."

"विचारू दे."

"सांगशील?"

सर म्हणाले की मग काय मी जन्मभर त्याचे फुकटचे आभार घेत बसू? तिनं दोरा दातानं तोडला. "मी घेतलं ना तू लिहिलेलं," ती म्हणाली. "आता तू हे घे." तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच सरांना जास्त लागलं.

तरीही त्यांचं ठरलं होतं. बाकी काही नाही, निदान एवढं तरी तिचं तिला मिळालं पाहिजे. नंतर मुलानं जे विचारायचं ते विचारू दे.

रविवारी चिरंजीव अकरा वाजता आले, छापखान्यातून पुस्तकं घेऊनच. निळं कव्हर, वर सरांचं नाव, आणि आत ताज्या शाईचा वास. पुढच्या खोलीत बाकांवर तिघं बसले. मुलानं पहिली प्रत उघडली ती सरळ एक्केचाळीस नंबरच्या पानावर. बेचाळीस-चव्वेचाळीस वर्षांचा, पिळदार हातांचा माणूस, पण वाचायला लागला तसं त्याचं बोट आपोआप ओळीखाली गेलं. त्यानं ते हळूहळू शेवटपर्यंत वाचलं आणि वडिलांकडे पाहिलं.

"तुम्ही हे माझ्यासाठीच लिहिलं होतंत ना, बाबा?"

चाळीस वर्षं ज्यानं मुलांना नेमकं बोलायला शिकवलं, त्याला एक साधं वाक्य जुळवायला घाम फुटला. पण ते बोलले. "नाही," ते म्हणाले. "मी नाही लिहिलं. ते तुझ्या आत्यानं लिहिलंय."

मुलानं वळून आत्याकडे पाहिलं. ती खिडकीत कळशीवरचं झाकण नीट बसवत होती. "मी कशाला लिहू?" ती म्हणाली. "मी आपली टाइप करते. वाचतसुद्धा नाही."

"छोटी," सर म्हणाले. "खरं सांग त्याला."

मुलगा हसायला लागला. लहानपणापासून हे असंच, तो म्हणाला. बाबा कधी काही गोड बोलले आणि पकडले गेले की दुसऱ्याचं नाव पुढे करतात. सरांनी त्याचा हात धरला आणि पुन्हा सांगितलं की मी गंमत करत नाहीये, ते वाक्य हिचं आहे, माझं वेगळं होतं. वेगळं काय होतं, हे त्यानं विचारायची ते वाट बघत होते. पण मुलानं ते विचारलंच नाही. तो पुस्तकाची पानं मागे मागे उलटत पहिल्या पानावर गेला आणि पुस्तक वडिलांच्या पुढ्यात धरलं.

"हे बघा, तुमचंच पुस्तक सांगतंय," तो म्हणाला, आणि पहिल्या नंबरच्या वाक्याखाली बोट ठेवून एकेक शब्द नीट वाचून दाखवला. चांगली टायपिस्ट आपण टाइप केलेलं वाचत नाही. "विल लावलाय बाबा. म्हणजे कधीच नाही."

ते वाक्य वहीत होतं तसंच कागदावर होतं. त्याला तिनं एकतीस वर्षांत हात लावला नव्हता. सरांनी मान वर करून बहिणीकडे पाहिलं. ती त्यांच्याकडे बघत नव्हती. तिनं कळशीतून मुलासाठी पेला भरला, त्याच्या हातात दिला, आणि म्हणाली की जेवून जा, भात टाकलाय.